मुक्या जंतूची वंशावळ

दिगंबर म्हस्केचा जीव उर्मिलाच्या एका होकारावर येऊन ठेपला, तेव्हा ती शेडनेटमध्ये टोमॅटोच्या फुलांना पराग लावत होती. फोन संभाजीनगरहून होता, डॉक्टर फरीदा इनामदारांचा.

"उर्मिलाताई, तुमची परवानगी हवीय. तुमच्या नमुन्यातलं औषध एका रुग्णाला द्यायचंय. पुरुष आहे, पन्नाशीचा. जंतू रक्तात उतरलाय, कुठलंच अँटिबायोटिक लागू पडत नाही. नाव मला सांगता येणार नाही."

"फांदी कोणती?"

डॉक्टर म्हणाल्या, "तुमचीच."

"मग नाव सांगायची गरजच काय?" उर्मिला म्हणाली. "विचार करून कळवते."

"ताई, त्याच्याकडे फार वेळ नाही."

"माझ्याकडंही नव्हता," एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि ओळीतली उरलेली फुलं पुरी केली.

ही गोष्ट २०४५ सालची. पण तिची सुरुवात वीस वर्षांपूर्वीची आहे. जालना जिल्ह्यातल्या बोरखेडच्या म्हस्क्यांच्या घरात उर्मिला तेव्हा नवी सून म्हणून आली होती. दिगंबर देखणा, बोलका. लग्नाआधी काही वर्षं त्यानं ट्रक चालवलेला, मग गावात येऊन बियाण्यांच्या दुकानात जम बसवला. पहिले सहा महिने बरे गेले. त्यानंतर उर्मिलाच्या ओटीपोटात दर महिन्याला सुरी फिरल्यासारखं दुखू लागलं. ती फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि सासू उंबऱ्यातून म्हणायची, "आम्हाला काय पाळी येत नव्हती? भाकरी थापायच्या वक्तालाच बरं हिला दुखतं!"

मूल होईना. तालुक्याच्या डॉक्टरनं तिच्या नळ्या बंद असल्याचं सांगितलं. का बंद झाल्या ते सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. दिगंबरला तपासायचं तर कुणाच्या मनातही आलं नाही. नव्या सुनेला हळदी-कुंकवाला बोलावणं बंद झालं. शेजारणीच्या डोहाळजेवणात तिनं ओटीचं ताट उचललं, तर सासूनं ते सगळ्यांदेखत तिच्या हातातून काढून घेतलं.

पाचव्या वर्षी भावकी बसली. उर्मिलाचे वडील हात जोडून उभे होते. दिगंबर खाली मान घालून, जणू त्यालाच फार दुःख होतंय अशा आवाजात म्हणाला, "नापीक रान माणसानं किती वर्षं नांगरायचं?" कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू उर्मिला पुढं कधी विसरली नाही. वडील तिला घेऊन परत निघाले. वाटभर ते एक शब्द बोलले नाहीत आणि त्याच वर्षी गेले.

तिच्या आयुष्यातली एक गोष्ट तेवढी सुटली नाही. लग्नानंतर गावातल्या आशाताईंनी तिचं नाव एका अभ्यासात घातलं होतं. 'ऋतुमती अभ्यास' असं त्याचं नाव. बायकांच्या पोटाचे आजार होतात तरी कशानं, हे शोधायला मराठवाड्यातल्या हजारो मुली आणि बायका निवडल्या होत्या. दर महिन्याला पाळीच्या रक्ताचा एक थेंब एका पट्टीवर द्यायचा, आणि किती दुखलं, कुठं दुखलं ते फोनवर सांगायचं. बाकी जगात तिच्या दुखण्याला नाटक म्हणत होते. या फोनवर मात्र एक बाई दर महिन्याला शांतपणे विचारायची, "या वेळी डावीकडं जास्त की उजवीकडं?" एवढ्यासाठीच उर्मिलानं एकही महिना चुकवला नाही. माहेरी आल्यावर तिनं भावाच्या दोन एकरांत शेडनेट उभारलं, संकरित बियाण्याचं काम घेतलं, हळूहळू दहा बायका हाताखाली आल्या. पट्ट्या चालूच राहिल्या.

सतरा वर्षांनी त्या पट्ट्यांनी तोंड उघडलं.

अभ्यासातल्या बायकांना संभाजीनगरच्या एका मोठ्या सभागृहात बोलावलं होतं. डॉक्टर फरीदा बुटक्याशा, पांढऱ्या केसांच्या, सगळं आयुष्य या एका कामात घातलेल्या. त्यांनी भाषण केलंच नाही, सरळ गोष्ट सांगितली. दुखणाऱ्या दर तीन बायकांतल्या एकीच्या गर्भाशयात त्यांना एक जंतू सापडला होता. तो ताप आणत नाही, अंगावरून जात नाही, नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. म्हणून त्याचं नाव मुका. पण वर्षानुवर्षं तो आतल्या अस्तराला डिवचत राहतो. अस्तर नको तिथं वाढतं, नळ्या चिकटतात, आतड्यांना व्रण धरतात. पुरुषाच्या प्रोस्टेटमध्ये मात्र तो पाहुण्यासारखा राहतो. खातो, पितो, सहसा त्रास देत नाही; क्वचित एखाद्याच्या बाबतीत उतारवयात रक्तात उतरतो, तेव्हाच जिवावर बेततं.

"आता हे यंत्र," डॉक्टर म्हणाल्या आणि पडद्यावर झाडासारखी एक आकृती उमटली. "याला आम्ही वंशवाचक म्हणतो. तुमच्या गावात भाट येतो ना, पिढ्यांची नावं सांगतो? हे यंत्र जंतूचा भाट आहे. जंतू वाढतो म्हणजे स्वतःची नक्कल करतो. नक्कल करताना त्याच्या जनुकांच्या अक्षरांत मधूनमधून एखादी चूक होते. ती चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. दोघींच्या जंतूंत सारख्या चुका सापडल्या, तर त्यांचा मूळपुरुष एकच. चुका किती साठल्या यावरून तो कुणाकडून कुणाकडं कधी गेला, तेही सांगता येतं."

पडद्यावरच्या झाडावर बायकांचे हिरवे ठिपके होते. आणि जागोजागी, जिथं दोन फांद्या फुटत होत्या तिथं, एकेक रिकामा गोल.

"हे गोल कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "हे पुरुष. अभ्यासाच्या सुरुवातीला आम्ही नवऱ्यांचेही नमुने मागितले होते. जवळजवळ सगळे म्हणाले, बायकांच्या आजाराशी आमचा काय संबंध."



ज्या बायकांना आपल्या फांदीवरच्या दुसऱ्या बाईला भेटायचं असेल त्यांनी सांगावं, असं ठरलं होतं. नाव कुणाचंच आधी सांगणार नव्हते. उर्मिलानं हो म्हटलं. तिच्या फांदीवर दोघीच होत्या. एका छोट्या खोलीत तिच्यासमोर तिशी ओलांडलेली, सावळी, रोडावलेली एक बाई येऊन बसली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. ओळख नव्हती.

"मी सत्यभामा," ती बाई म्हणाली. "माहेर परळीचं. बोरखेडला दिली होती, म्हस्क्यांच्या घरी. सात वर्षं होते. मग..." तिनं हात झटकला.

उर्मिलानं खुर्ची पुढं ओढली. "दिगंबर?"

"तुम्ही कशा ओळखता?"

"तू माझ्या जागेवर आलीस, बाई."

 सत्यभामा एकदम तोंडाला पदर लावून रडायला लागली. "अक्का, मी तिथं असताना तुम्हाला किती शिव्या दिल्या असतील! घरातली म्हणायची, आधीचीचा पायगुण लागलाय या घराला."

दोघींच्या जंतूंची मुळं एका गोलात जाऊन मिळत होती. त्या गोलातल्या मुक्याचं वय यंत्रानं काढलं होतं. तो उर्मिलाच्या लग्नाच्या तीनेक वर्षं आधीपासून तिथं राहत होता.

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट उघड झाली. उर्मिलाचं दुखणं काही वर्षांपूर्वी आपोआप थांबलं होतं. ती समजत होती, वय झालं. पण पट्ट्यांनी वेगळंच सांगितलं. तिच्या शरीरात कुठूनसा एक फेज, म्हणजे जंतू खाणारा विषाणू, शिरला होता. त्यानं तिच्यातला मुका वेचून वेचून संपवला होता. फेज फार चोखंदळ असतो, एकाच घराण्याच्या जंतूला खातो, दुसऱ्याला तोंड लावत नाही. इतर फांद्यांसाठी प्रयोगशाळेत तयार केलेलं मिश्रण चालत होतं. या एका फांदीच्या मुक्यानं आपलं आवरण बदललं होतं, त्याच्यावर उपाय फक्त उर्मिलाच्या गोठवलेल्या नमुन्यांत होता. उर्मिलाच्या नळ्या तोवर कायमच्या बुजल्या होत्या. सत्यभामाची मात्र एक बाजू शाबूत होती.

सत्यभामाला औषध देऊ का म्हणून विचारायला डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा उर्मिलानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. नव्या कायद्यानं माणसाच्या शरीरातून निघालेल्या जिवंत गोष्टीवर त्याचाच हक्क होता. कुणाला द्यायची, कोणत्या अटीवर द्यायची, हे तोच ठरवणार. उर्मिलानं दिली. वर्षभरात सत्यभामाचं दुखणं गेलं. परळीच्या एका विधुर वायरमनशी तिचं लग्न झालं, आणि त्यानंतर वर्षानं तिला मुलगी झाली. बाळ मांडीवर घेऊन उर्मिलानं तिची आंगडी-टोपडी केली आणि घरी परतताना बसमध्ये मूठ आवळून बसली. हे बाळ बोरखेडमध्ये कुणाला ठाऊकही नव्हतं. तिथं लोक म्हणत, 'दिगंबरभाऊचं नशीबच फुटकं, दोन्ही बायका वांझ निघाल्या.' भाऊ आता शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष होते, मुलींच्या वसतिगृहाला त्यांचं नाव द्यायचं चाललं होतं.

"अक्का, गावात जाऊन ओरडून सांगूया," सत्यभामा म्हणायची.

"आपल्यावर कोण विश्वास ठेवील? टाकलेल्या बायका आपण," उर्मिला म्हणायची. "झाडावरचा गोल अजून रिकामा आहे. तो भरू दे."

आणि आता तो गोल इस्पितळात पडून तिच्याकडं श्वास मागत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत दिगंबरचा धाकटा भाऊ दामोदर शेडनेटच्या दाराशी आला. उर्मिला त्या घरात असताना तो कॉलेजात होता, तिच्या हातचं खाऊन परीक्षेला जायचा. आता केस पिकलेले. त्यानं वाकून नमस्कार केला. "वहिनी, कोणत्या तोंडानं आलो ते विचारू नका. डॉक्टर काही सांगत नाहीत. पण भाऊच म्हणाले, उर्मीला विचार."

उर्मिलाच्या भुवया वर गेल्या. "त्यांना कसं कळलं मला विचारायचं?"

"ते तुम्हीच त्यांना विचारा, वहिनी," दामोदर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सत्यभामाला घेऊन इस्पितळात गेली. डॉक्टर फरीदा दारातच भेटल्या. "ताई, एक सांगते. रोग होणं हा गुन्हा नाही. त्याला जंतू कुठून तरी लागला, तसाच तुम्हाला लागला."

"ते मान्य आहे, डॉक्टर. मला फक्त एक विचारायचंय त्यांना."

दिगंबर सुकून गेला होता. डोळे आत गेलेले, ओठांना भेगा. दोघींना एकत्र बघून त्यानं आधी डोळे मिटले. दामोदर कोपऱ्यात उभा होता.

उर्मिला खुर्ची ओढून बसली. "तुम्हाला कसं ठाऊक, औषध माझ्याकडं आहे ते?"

"त्या अभ्यासाचं पेपरात वाचलं होतं," तो पुटपुटला. "फांद्या, गोल... सगळं वाचलं होतं."

"कधी?"

"आलं तेव्हाच. तीनेक वर्षं झाली."

"म्हणजे तीन वर्षांपूर्वीच तुम्हाला कळलं होतं की गोल तुम्ही आहात. पेपर वाचूनच कसं कळलं? तपासलं तर नव्हतं कधी."

मॉनिटर टिकटिकत होता. सत्यभामा पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून त्याच्याकडं एकटक बघत होती. दिगंबरनं मान वळवली, भिंतीकडं तोंड केलं.

"ट्रकवर असताना इंदूरला एकदा लघवीच्या जागी त्रास झाला होता. तिथला डॉक्टर म्हणाला, नेमका जंतू सापडत नाही, पण औषधं पुरी कर. आणि लग्न होईल तेव्हा बायकोलाही तपासून घे, नाहीतर तिला भोगावं लागेल."

"मग?"

"त्रास थांबला, मी औषध सोडलं. तुला कसं सांगणार होतो? लग्न मोडलं असतं."

उर्मिलाला वाटलं होतं, त्याला माहीत नसेल. इतकी वर्षं तिनं त्याचा द्वेष केला, पण त्या द्वेषातही तिनं त्याला एवढी सूट दिली होती. ती सूट आता उरली नाही. तिला फरशीवर पोट आवळून पडलेली आपली पोर-वयाची आकृती दिसली, आणि उंबऱ्यात सासूच्या मागं उभा असलेला तो. तेव्हा तो बघत होता. बघत होता आणि त्याला कळत होतं.

"उर्मे, मला मरायचं नाही," तो म्हणाला.

ती उठली आणि बाहेर आली.

बाहेर येताच सत्यभामानं तिचा दंड धरला. "मरू दे त्याला! अक्का, तुमची शपथ आहे. एक सही नाही केली म्हणून कुणी फाशी देत नाही."

"मेला तर काय होईल ठाऊक आहे?" उर्मिला म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण त्या शांतपणाचीच सत्यभामाला भीती वाटली. "गाव बंद ठेवतील. शाळेची पोरं रांगेनं फुलं वाहतील. वसतिगृहावर नाव लागेल, सभागृहात हार घातलेला फोटो. आणि आपण दोघी कायमच्या वांझ. मेलेल्या माणसाबद्दल कोण वाईट बोलतं? नाही भामा. त्याला जगायला लावायचंय."

तिनं डॉक्टरांना अट सांगितली. औषध मिळेल. बदल्यात रुग्णानं स्वतःचा नमुना अभ्यासाला द्यायचा आणि रिकाम्या गोलात आपलं नाव उघड लिहायला लेखी संमती द्यायची.

डॉक्टर फरीदांचा चेहरा कठोर झाला. "कायद्यात बसतं हे. पण मला आवडलेलं नाही. माणूस मरणाच्या दारात असताना..."

"मी दारात असताना कुणी काय विचारलं होतं?"

दिगंबरनं संमती दिली. काय लिहून देतोय याचा त्यानं त्या वेळी फार विचार केला नसावा. जगायला मिळालं की पुढं बोलून निभावून नेऊ, आजवर बोलण्यावरच तरलो, असा त्याचा हिशेब असणार. औषध शिरेतून गेलं. चौथ्या दिवशी ताप उतरला.

दोन महिन्यांनी अभ्यासाचं पथक बोरखेडच्या शाळेत तपासणीचं शिबिर घ्यायला आलं. सगळं गाव जमलं होतं. भिंतीवर वंशवाचकाचं झाड लावलेलं. एका फांदीपाशी दोन हिरव्या ठिपक्यांच्या वर, इतके दिवस रिकाम्या असलेल्या जागी, ठळक अक्षरांत नाव होतं: दिगंबर म्हस्के. खाली उर्मिला आणि सत्यभामा. सत्यभामा लेकीला कडेवर घेऊन त्या झाडाखाली उभी राहिली आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिली, "माझीच आहे, पोटची."

कुजबुज वाढली तसा दिगंबर काठी टेकत व्यासपीठावर चढला. आवाज अजून गोड होता. "मंडळी, विज्ञानापुढं आपण सगळे अडाणी. मलाही या रोगाचा बळीच समजा. मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर..."

"भाऊ." दामोदर उभा राहिला होता. शेजारी त्याच्या दोन वयात आलेल्या मुली बसल्या होत्या. "मी खोलीत होतो, भाऊ. इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही स्वतः बोललात."

दिगंबरनं हातातली काठी सावरली. उर्मिला मागच्या दारापाशी उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं लोकांकडं पाहिलं, भावकीतल्या त्या म्हाताऱ्यांकडं, जे एकेक करून माना खाली घालत होते. या वेळी कुणी हसलं नाही.

मग बायका उठल्या. आधी एक, मग चार, मग बाकं सरकल्याचा नुसता आवाज. नवऱ्यांच्या बाह्या धरून त्या तपासणीच्या टेबलाकडं निघाल्या. "चला," एक म्हातारी आपल्या मिशाळ नवऱ्याला ओढत म्हणाली, "तुमचं दिगंबर करून घेऊ." सगळ्यांनी ऐकलं. दुसरीनं तोच शब्द उचलला.

शब्द कुणाच्या हातात राहत नाही. तो शेजारच्या गावात गेला, तिथून जालन्याला, आठवडी बाजारांत, आरोग्य केंद्रांत. पुढच्या दोन-तीन वर्षांत पुरुषाच्या मुक्याच्या तपासणीला सगळीकडं 'दिगंबर' असंच म्हणू लागले. डॉक्टर फरीदांनी एकदा फोनवर तक्रार केली. "सरकारी कागदावरसुद्धा आलं, ताई. पण खरं सांगू? तपासण्या दसपट वाढल्यात. तुम्ही त्याला जीवदान दिलंत म्हणून हे झालं. मोठं मन लागतं."

"मन मोठं नव्हतं, डॉक्टर," उर्मिला म्हणाली. "तुम्हाला तसं वाटत असेल तर वाटू द्या."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती जालन्याच्या बसस्थानकावर बियाण्याच्या पेट्या घेऊन बसली होती. पलीकडच्या बाकावर दिगंबर होता, एकटाच, मांडीवर पिशवी. अध्यक्षपद गेलं होतं, दामोदरनं चूल वेगळी केली होती. प्रकृती मात्र उत्तम दिसत होती. डॉक्टर म्हणाले होते, अजून तीस वर्षं सहज जगेल. त्यानं तिला पाहिलं नव्हतं.

मधल्या बाकावर दोन कॉलेजच्या मुली बसल्या होत्या. एकीचं लग्न ठरत होतं, फोनवर मुलाचा फोटो दाखवणं चाललं होतं.

"दिसायला बराय," दुसरी म्हणाली. "पण दिगंबर झालंय का त्याचं?"

"झालंय की. आधी दिगंबर, मगच सुपारी, असं बाबांनीच सांगितलं." मग ती मुलगी हसून म्हणाली, "पण हा दिगंबर म्हणजे कोण गं होता? शास्त्रज्ञ?"

"असेल कुणीतरी."

दिगंबरनं मान वर केली. त्या मुलींकडं, मग त्यांच्या डोक्यांवरून पलीकडं त्यानं पाहिलं, आणि तिथं त्याला उर्मिला दिसली. ती त्याच्याकडंच बघत होती. त्याची गाडी लागली. कंडक्टरनं बोरखेड, बोरखेड म्हणून हाका मारल्या. तरी त्याला बाकावरून उठता येईना.